वरचं बियाणं

जंगल अभयारण्य झालं त्या वर्षी, शिमगा संपता संपता, डोंगरातलं दगडी कोठार रिकामं करावं अशी वनखात्याची नोटीस आमच्या गावाला मिळाली. कोठारात गावातल्या सगळ्या घरांचं भाताचं बियाणं होतं. मुदत पाऊस लागेपर्यंतची होती. ग्रामपंचायतीच्या दारावर लावलेली नोटीस मी वाचली आणि घरी येऊन आईला जशीच्या तशी सांगितली. आई वाल सोलत बसली होती. तिने विचारलं, "सही कुणाची हाय?" मी म्हटलं, रेंजरसाहेबांची. "मग त्यानलाच भेटायला लागंल," ती म्हणाली आणि पुढचा वाल हातात घेतला.

आमचं गाव रोह्याच्या खालच्या अंगाला खाडीच्या काठी. समोर खाडी, मग मातीचा बांध, बांधाच्या आत खारजमीन, तिच्या कडेला घरं आणि घरांच्या पाठीशी डोंगर. खारीत गोड्या जमिनीतलं भात तग धरत नाही. तिथे राता लागतो, तांबड्या दाण्याचा, जाड, शिजायला वेळ घेणारा. पावसाळ्यातल्या उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात येई आणि वर आलेली रोपं जळून जात. पुढच्या पावसाने जमीन धुतली की दुबार पेरायचं, हा त्यावरचा एकच उपाय. त्यासाठी लागणारं बियाणं घरात ठेवून उपयोग नव्हता, कारण बांध फुटला की पाणी घरातही येई. म्हणून प्रत्येक घर आपलं निम्मं बियाणं खाली ठेवी आणि निम्मं डोंगरात. डोंगरातल्याला आम्ही वरचं बियाणं म्हणायचो. नारळी पौर्णिमेपर्यंत वरच्या बियाण्याला कोणी हात लावत नसे. घरात चूल पेटायची पंचाईत असली तरी नाही. पौर्णिमेपर्यंत बांध टिकला तर ते खाली आणून कांडत आणि नारळीभात त्याच तांदळाचा होई. राताचा नारळीभात जरा चिकट होतो आणि त्याचा रंग विटकरी येतो. मला अजून पांढरा नारळीभात परका वाटतो.

कोठार संस्थानाच्या काळातलं होतं. शिकारीच्या मुक्कामाचे तंबू आणि घोड्यांचा दाणा ठेवायला ते बांधलं, असं जुनी माणसं सांगत. याला लेखी आधार मला मिळालेला नाही. स्वातंत्र्यानंतर ते जंगलखात्याकडे आलं. खात्याने तिथे काही वर्षं गवताचे भारे ठेवले आणि पुढे तेही बंद केलं. एका उधाणात आमच्या गावचं सगळं बियाणं वाहून गेलं, तेव्हा त्या वेळच्या गार्डने कोठार उघडून दिलं. बदल्यात डोंगराला वणवा लागला की गावाने विझवायला जायचं, अशी बोली झाली. ती तोंडीच होती आणि दोन्हीकडून पाळली गेली. उन्हाळ्यात धूर दिसला की गावातले पुरुष हातातलं काम टाकून हिरव्या डहाळ्यांचे झोडपे घेऊन वर जात. कोठाराच्या भिंती हातभर जाड होत्या. खिडक्या नव्हत्या, छपराखाली अरुंद फटी होत्या. आत सागाच्या तुळया होत्या आणि त्यांना भाताचे मुडे टांगलेले असत. दर अमावस्येला फरशीवर शेणी पेटवून त्यावर निरगुडीचा पाला टाकत, की आत धूर कोंडून राही आणि दाण्याला सोंडे किडे लागत नसत. पावसाळाभर एकेका घरातलं माणूस पाळीने तिथे झोपायला जाई.

मुडा म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. अंगणात पेंढा चांदणीसारखा पसरायचा, मधोमध वाळवलेलं भात ओतायचं, पेंढ्याची टोकं वर ओढून बांधायची आणि पेंढ्याच्याच वळलेल्या दोराने सगळीकडून आवळत जायचं. आवळताना लाकडी मोगरीने ठोकत राहायचं, म्हणजे मुडा भोपळ्यासारखा गोल आणि दगडासारखा घट्ट होतो. चांगला बांधलेला मुडा उतारावरून सोडला तरी सुटत नाही. कार्तिकात सगळ्या अंगणांतून मोगऱ्यांचा आवाज येत असे, आणि भरती लागली की शेतातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, बांधातल्या उघाडीची लाकडी झडप पाण्याच्या जोराने धप्पकन मिटे, तो आवाज त्यात मिसळे. बाबा रोह्याच्या एका कंपनीत होते. रात्रपाळी करून आले की या आवाजातच ते ओटीवर झोपत. मोगरी थांबली की त्यांना जाग येई.

आई पेणच्या बाजूची, मिठागरावरच्या घरातली. गावात तिला पेणकरीणच म्हणत. माझी धाकली काकी मथुरा गडबची, म्हणजे गोड्या भातजमिनीतली, आणि हा फरक ती आईला विसरू देत नसे. "बाय, तुमच्याकडं काय पिकतं? मीठ. त्याला ना बी ना खत," असं ती मुडा बांधता बांधता म्हणायची. आई म्हणायची, "म्हणून तर तुझ्या कालवणाला चव येते." दोघींच्या चुली वेगळ्या होत्या, अंगण एक होतं. काकीचे मुडे आईच्या मुड्यांपेक्षा देखणे होत, हे आईही कबूल करी. कारण काकीचा पेंढा लांब आणि मऊ असे. तो कुठून येतो हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

नोटिशीवर मारुतीच्या देवळात बैठक झाली. कोणी म्हणालं कोर्टात जाऊ, कोणी म्हणालं कोठाराला आपलं कुलूप लावू. एकाने सुचवलं की सोसायटीच्या गोदामात ठेवू. सोसायटीचं गोदाम बांधाच्या अंगालाच होतं. आई बायकांत बसली होती, तिथूनच म्हणाली, "तिथं ठेवायचं तर आधी बांधाला विचारून ठेवा." बैठक हसली आणि उठली. दुसऱ्या दिवशी आई, काकी, मी आणि आणखी काही बायका डोंगराच्या पायथ्याला, अभयारण्याच्या फाटकाजवळच्या कचेरीत, रेंजरसाहेबांना भेटायला गेलो. दहावी होऊन मी घरी बसले होते, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आहे असं आईने वाटेत सांगितलं. प्रत्यक्षात तीच बोलली.

रेंजरसाहेब घाटावरचे होते, मध्यम वयाचे, शांत. त्यांनी आम्हाला बसायला बाक दिला आणि नियम समजावून सांगितला. अभयारण्यात खाजगी माल ठेवता येत नाही, जाळ करता येत नाही, रात्री माणसाला राहता येत नाही. जुनं कोठार जतन करायची वास्तू म्हणून बंद राहणार. आई ऐकत होती. मग तिने विचारलं, "आन वणवा लागला तर आमी येवाचा का नाय?" साहेब म्हणाले, "या. यावं तर लागेलच."

"मग आमचा दाणा तेवढा खाजगी कसा?"

साहेब हसले नाहीत. ते उठले आणि आम्हाला नवीन गोदाम दाखवायला घेऊन गेले. फाटकापासून थोडं वर, सपाटीवर, खात्याने ते त्याच वर्षी बांधलं होतं. सिमेंटचं उंच जोतं, विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या आणि पत्रे, हवेसाठी जाळ्या. दोन खोल्या होत्या. पहिलीत आग विझवायची अवजारं, पाट्यांचा रंग आणि जनावरांना चाटायला ठेवायचं मीठ होतं. मीठ घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपांत होतं. साहेबांना त्या पिंपांचा अभिमान असावा, कारण त्यांनी एकाचं झाकण स्वतः उघडून दाखवलं. आईने चिमूट घेतली, बोटांत चोळली. "आमच्याकडचं नाय. दाणा बारीक हाय," ती म्हणाली. दुसरी खोली रिकामी होती. साहेब म्हणाले, ही एक पावसाळा वापरा. माझ्या अधिकारात एवढंच आहे. जाळ नाही, मुक्काम नाही. जनावरांचा त्रास झाला किंवा माल नासला, तर उचलून न्यायचा आणि पुन्हा मागायचं नाही. आई म्हणाली, "चालंल." काकी परतताना म्हणाली, "बाय, धुराबिगर दाणा राहील का? एवढ्या लवकर चालंल कशाला बोललात?" आई म्हणाली, "नाय बोलले असते तर कुठं ठेवला असतास, तुझ्या डोक्यावर?"

ज्येष्ठात मुडे हलवले. जुन्या कोठारातून ते डोक्यावरून खाली आणताना कित्येकांचे बंद सैल झाले होते, धुराने पेंढा ठिसूळ झाला होता. आईने ठरवलं की सगळे नव्याने बांधायचे, आणि गावात घरोघर जाऊन तसं सांगितलं. पेंढा घेतला तो आमच्याच खारीतला, आदल्या हंगामाचा. त्यात निवड करायचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे पक्की समजूत होती की खारीतला दाणा खारीतल्याच पेंढ्यात बांधायचा. परक्या पेंढ्यात बांधला तर दाणा खार विसरतो, उगवतो पण खाऱ्या पाण्याला टिकत नाही. ही गोष्ट कोणी तपासून पाहिली नव्हती. तपासायला बियाणं पणाला लावावं लागलं असतं. काकी तेवढी म्हणाली, माझे मुडे मजबूत आहेत, मी सोडत नाही. आई म्हणाली, नको सोडूस, तुझं नाक खाली येईल. नवीन खोलीत टांगायला तुळया नव्हत्या आणि कैच्यांना दोर बांधायला साहेबांनी मनाई केली. म्हणून फळ्यांचा बुटका मांच केला आणि त्यावर मुडे रचले. धुराऐवजी थरांमध्ये निरगुडीचा वाळलेला पाला घातला. त्या वर्षी सोंडे लागले नाहीत, हे इथेच नोंदवून ठेवते.

आषाढाच्या सुरुवातीला महादू गार्ड आमच्या अंगणात आला. हा शेजारच्याच वाडीतला, आईला वहिनी मानणारा. त्याने टोपी काढून पाणी झटकलं आणि म्हणाला, "वैनी, वर या. साहेब बोलवतात. दार फोडलंय." बाबा घरी होते. ते म्हणाले, "कोणी?" महादू म्हणाला, "जनावरानं. माणसानं फोडलं असतं तर बरं झालं असतं."

दाराच्या खालच्या फळीला कुरतडून भोक पाडलं होतं आणि ते भोक मग कोणीतरी धडक देऊन मोठं केलं होतं. उंबऱ्यात साळिंदराचे काटे पडले होते, काळेपांढरे. चिखलात रानडुकराचे खूर उमटले होते. आत खालच्या थरातले बरेच मुडे फाटले होते आणि सांडलेलं भात डुकरांनी खाऊन, तुडवून टाकलं होतं. वरचे थर शाबूत होते. रेंजरसाहेब म्हणाले, "बाई, बोलल्याप्रमाणे आता उचला. दाण्याचा वास लागला की डुक्कर रोज येणार. मला जनावरांना इथली सवय लावायची नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्त कठीण होतं. बाबा आईला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐक गो, दे सोडून. प्रत्येकानं आपापलं घरी न्यावं. उद्या काय झालं तर गाव तुलाच बोलंल." आईने विचारलं, "आन बांध?" बाबांनी खाडीकडे पाहिलं. उघाडीजवळ बांध पाझरत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. आषाढी अमावस्येचं उधाण पुढे होतं.

आई साहेबांना म्हणाली, "अमावास्येपावत थांबा. दार आमी नीट करतो." साहेबांनी घड्याळ पाहिलं, पावसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अमावास्येपर्यंत. त्यानंतर नाही."

फाटलेल्या मुड्यांतलं उरलेलं भात गोळा करायला आम्ही खाली बसलो. काकी आपले मुडे शोधत होती. ते खालच्याच थरात होते, फाटलेल्यांना लागून, आणि त्यांचा एक बंदसुद्धा तुटला नव्हता. ती मोठ्याने म्हणाली, "बघा, बांधणी बघा. गडबचा हात हाय."  आई काकीच्या मुड्याजवळ जाऊन बसली. मग तिने आपल्या फाटक्या मुड्याचा पेंढा हातात घेतला. साळिंदराने दाणा खाल्ला नव्हता, पेंढा चावला होता. काड्या चघळून टाकलेल्या दिसत होत्या. आईने एक काडी तोंडात घातली. महादू दारात होता, तो म्हणाला, "वैनी, गोठ्यात बांधू का? गवत लागंल तर आणतो." आईने काडी थुंकली, काकीच्या मुड्यातली एक ओढून तीही चघळली आणि मला म्हणाली, "तू बघ गो." मी दोन्ही चाखल्या. आमच्या पेंढ्याला मीठ होतं. पहिल्या क्षणी कळत नव्हतं, मग जिभेवर राहत होतं. काकीच्या पेंढ्याला गवताचीच चव होती.

"मथुरे, पेंढा कुठला हा?" आईने विचारलं. काकीने पदर सावरला आणि सांगितलं, "ह्या वर्षीच आणला, म्हायेरचा." आई म्हणाली, "साळिंदर मिठाला आलं. त्यानं दार फोडलं, मागून डुकर शिरलं. कोठारात धूर होता, माणूस झोपत होता, म्हणून इतकी वर्षं कळलं नाय." मग ती म्हणाली, "मीच सगळ्यांना खारीचा पेंढा घालायला लावला. मिठागरावर वाढले, आन माझ्या ध्यानात आलं नाय."

पुढे आयुष्यभर मी वर्तमानपत्रात काम केलं. बातमी हाती आली की ती कोणी आणि कशावरून सांगितली, हे आधी विचारायची शिस्त तिथे लागली. म्हणून सांगते, आई मिठाबद्दल बोलली तेव्हा तो अंदाजच होता. रेंजरसाहेबांनीही तो अंदाज म्हणूनच घेतला. गोदामाच्या पडवीत उभे राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक काडी स्वतः चघळली आणि महादूला सांगितलं की खारीच्या पेंढ्याची एक पेंढी गोदामाबाहेर पत्र्याच्या वळचणीखाली ठेव, तिच्याशेजारी गडबच्या पेंढ्याची एक. दोन्हीत दाणा नको. त्यांनी त्या पेंढ्या कोरड्या राहतील अशी जागा स्वतः दाखवली. दुसऱ्या सकाळी महादू बघायला गेला तेव्हा गडबची पेंढी होती तशी होती आणि खारीच्या पेंढीचा चोथा झाला होता. तिसऱ्या सकाळीही तेच. साहेब म्हणाले, "मुडे दुसऱ्या पेंढ्यात बांधा. ठेवू देतो."

खरी अडचण यानंतर आली. देवळात पुन्हा बैठक झाली आणि गाव तयार होईना. जनावराने चार मुडे खाल्ले तर चार गेले, पण परक्या पेंढ्यात बांधून सगळाच राता खार विसरला तर पुढच्या वर्षी खायचं काय, असा सवाल होता. तो खोटा नव्हता. राताचं बियाणं बाजारात मिळत नसे. गेलं की गेलं. एक म्हातारे गृहस्थ आईला म्हणाले, "पेणकरणी, तू मिठातली. तुला दाण्याचं काय कळतं?" आई म्हणाली, "दाण्याचं तुमाला कळतं ना, मग तुमी सांगा, खाली कुठं ठेवू?"  बाबा खांबाला टेकून उभे होते. ते पुढे होऊन म्हणाले, "आमचे मुडे आमी बांधतो दुसऱ्या पेंढ्यात. गेले तर आमचे जातील." बाबा आईच्या बाजूने चारचौघांत बोलले, ते मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

तरी कोणी पुढे येईना. तेव्हा बायकांतून काकी उठली. म्हणाली, "आमच्या घरचा राता कधी विसरला का? मागच्या वर्षी कोणाचा चांगला आला?" दोनतीन जण म्हणाले, तुमचाच. काकी म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवापास्नं गडबच्या पेंढ्यात बांधते. खारीचा पेंढा हाताला चरचरतो." देवळात एकदम गलका झाला. काका म्हणजे तिचा नवरा उभा राहिला आणि म्हणाला, "काय बोलतंस? आन मला नाय सांगितलंस?" काकी म्हणाली, "तुमी कधी मुडा बांधलाय?" मागून कोणीतरी हसलं. मघाचे म्हातारे गृहस्थ रागावले होते. इतकी वर्षं गावाला फसवलंस म्हणाले. काकी त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "फसवलं ना? मग दोन वर्सांमागं बांध फुटला तवा माझ्याकडचा राता उसना घेतलात, तो पिकला का नाय?"  म्हातारे म्हणाले, "पिकला." बैठक तिथे संपली. घरी येताना आई काकीला म्हणाली, "एवढी वर्सं पोटात ठेवलास गो." काकी म्हणाली, "तुमी विचारलंत कवा? नाक खाली येईल बोललात."

पेंढा गडबहून, काकीच्या माहेरून आला. पावसात रचलेल्या पेंढ्याची उडवी मोडणं कोणालाच आवडत नाही, पण तिच्या भावाने वरचा भिजका थर काढून आतला कोरडा पेंढा दिला. बाबांच्या कंपनीतला एक ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला. प्लास्टिकचं कापड बांधून नागोठण्यावरून आणलेला तो पेंढा आम्ही ओटीवर, माळ्यावर, बाबांच्या झोपायच्या जागेवरसुद्धा भरला. मग बांधणी सुरू झाली. गोदामाच्या पडवीत जागा होती तेवढ्या बायका बसत, आतून मुडा आणायचा, सोडायचा, दाणा हाताने चाळून बघायचा, नव्या पेंढ्यात ओतायचा, आवळायचा. काकी एकेकीच्या हातातून दोर घेऊन पुन्हा आवळत होती. "पेणकरणीच्या हातचा मुडा हाय का मिठाची रास?" ती म्हणायची. आई म्हणायची, "बांध गो तूच, तुझा हात म्हायेरचा." दुपारी तांदळाची भाकरी, सुकट आणि ठेचलेली मिरची असा डबा असे. वरून पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की बोलणं ओरडूनच चाले. महादूने आणि बाबांनी कंपनीतल्या निकामी पिंपांचा पत्रा कापून दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला ठोकला. काढलेला खारीचा पेंढा साहेबांनी जाळू दिला नाही. तो खाली गावात गुरांना घातला.

आज अशा कामाला लोक वेगळी साधनं वापरतात. अलीकडे मी गेले तेव्हा गावात राता लावणारी मोजकीच घरं होती आणि त्यांचं बियाणं निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत, हवाबंद पिशव्यांत होतं. एका मुलाने मला त्या पिशवीचं तोंड कसं बंद करतात ते दाखवलं. पद्धत चांगली आहे. सोंडे लागत नाहीत, पाण्यात पडली तरी पिशवी तरंगते. मुडा बांधता येणाऱ्या बायका किती उरल्या ते मी विचारलं, त्याला माहीत नव्हतं. जुन्या कोठाराला खात्याने पाटी लावली आहे. तिच्यावर बांधकामाची माहिती आहे, आत काय ठेवत असत याची नाही.

अमावस्येच्या आधी शेवटचा मुडा बांधून झाला. रेंजरसाहेब येऊन खोली पाहून गेले. त्यांनी दाराचा पत्रा वाकून तपासला, निरगुडीच्या पाल्याचा वास घेतला आणि कुलूप लावलं. अमावस्येच्या दुपारच्या भरतीला उघाडीशेजारी बांधाला खांड पडली. गावातले सगळे पुरुष आणि बऱ्याच बायका मातीच्या टोपल्या, माडांची झापं, पोती घेऊन बांधावर होत्या, पण पाण्याने ऐकलं नाही. खारं पाणी शेतातून घरांच्या पायऱ्यांपर्यंत आलं. आमच्या घरात ते चुलीपर्यंत आलं आणि पेरून उरलेलं, माळ्यावर न मावलेलं खालचं बियाणं भिजलं. सोसायटीच्या गोदामात कमरेइतकं पाणी होतं. ओहोटीला गावाने खांड बुजवायला घेतली आणि पुढच्या भरतीपूर्वी तात्पुरती बुजवली. आलेली रोपं पिवळी पडून गेली.

जमीन धुवायला जोराचा पाऊस हवा होता, तो पडला. साहेबांनी गोदाम उघडून दिलं. मुडे डोक्यावरून खाली आले, भात भिजवून मोड आणले आणि गावाने दुबार पेरणी केली. गडबच्या पेंढ्यात बांधलेला दाणा उगवला. श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला बांधाच्या नव्या मातीतून पाणी पाझरलं आणि काही शेतांत खारं पाणी साचलं. त्या शेतांतली रोपं टिकली. म्हातारे गृहस्थ रोज बांधावरून त्या शेतांकडे जाऊन येत. एका संध्याकाळी ते आमच्या ओटीवर येऊन बसले आणि चहा घेतला. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला गावात नारळीभात बाजारच्या तांदळाचा झाला.

दुबारचं पीक उशिरा, दिवाळी होऊन गेल्यावर कापलं. नव्या राताचे मुडे गडबच्या पेंढ्यात बांधले आणि गोदामाची दुसरी खोली मिळेल का हे विचारायला आई आणि काकी रेंजरसाहेबांकडे गेल्या. लेखी परवानगी त्यांनी दिली नाही, तसा नियम नव्हता. त्यांनी महादूला कुलूप काढायला सांगितलं. बांध सिमेंटचा होईपर्यंत गावचं बियाणं दर पावसाळ्यात त्या खोलीत राहिलं.